माहितीपटकार आनंद पटवर्धन: आयुष्य, काम आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या छोट्या चित्रपट मंडळात गेली काही वर्षे आम्ही आनंद पटवर्धन यांचे माहितीपट अधूनमधून दाखवतो. चित्रपट संपून दिवे लागले, की चहाचे कप हातात घेऊन उभी असलेली मंडळी जवळपास तेच ते प्रश्न विचारतात आणि दर वेळी घाईघाईत दिलेली उत्तरे अर्धवट राहतात. म्हणून ती येथे सविस्तर लिहून ठेवली आहेत. माहिती सार्वजनिक नोंदींतली आहे. मते मात्र माझी आहेत, मंडळाची नव्हेत.

आनंद पटवर्धन कोण आहेत?

मुंबईत 18 फेब्रुवारी 1950 रोजी जन्मलेले आणि मुंबईतच राहून काम करणारे ते माहितीपटकार आहेत. 1970 च्या दशकाच्या मध्यापासून आजवर त्यांनी जयप्रकाशांचे आंदोलन, आणीबाणीतील आणि नंतरचे राजकीय कैदी, मुंबईतील झोपडपट्ट्या, अयोध्या, नर्मदा, अणुस्फोट, दलित चळवळ आणि विवेकवाद्यांच्या हत्या अशा विषयांवर चित्रपट केले. कथापट त्यांनी एकही केलेला नाही. "माहितीपट करून हात बसला, की पुढे खरा सिनेमा करायचा," असा जो एक समज आपल्याकडे रूढ आहे, त्याला त्यांच्या पन्नास वर्षांच्या कामाने परस्पर उत्तर दिले आहे.

त्यांच्या घरची पार्श्वभूमी काय होती?

पटवर्धनांचे घराणे अहमदनगरचे. त्यांचे काका अच्युत पटवर्धन हे 1934 मध्ये स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक आणि 1942 च्या भूमिगत लढ्यातील अग्रणी नेते होते. साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या इतिहासातही त्यांचे नाव येते. दुसरे काका रावसाहेब पटवर्धन हे गांधीमार्गी कार्यकर्ते म्हणून नगर जिल्ह्यातच नव्हे, तर महाराष्ट्रभर आदराने ओळखले जात. आई निर्मला या मूळच्या सिंधमधील हैदराबादच्या. त्या शांतिनिकेतनात शिकल्या आणि पुढे भारतातील नामवंत मृत्तिका-कलावंत झाल्या. मातीकाम करणाऱ्यांसाठी त्यांनी लिहिलेले इंग्रजी हस्तपुस्तक या क्षेत्रातली माणसे आजही हाताशी ठेवतात. वडील वासुदेव, म्हणजे घरच्यांचे बाळू, हे या सगळ्या गजबजाटात शांत आणि मिश्कील असलेले गृहस्थ होते, हे आपल्याला मुलाच्या कॅमेऱ्यामुळेच कळते. त्याबद्दल पुढे येईलच.

त्यांनी चित्रपटाचे शिक्षण कोठे घेतले?

रूढ अर्थाने कोठेच नाही, आणि हे उत्तर ऐकून आमच्याकडच्या तरुण मुलांचे चेहरे नेहमी खुलतात. मुंबई विद्यापीठातून 1970 मध्ये इंग्रजी साहित्याची पदवी, त्यानंतर अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठातून 1972 मध्ये समाजशास्त्राची पदवी आणि बऱ्याच नंतर, 1982 मध्ये, कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातून संज्ञापन विषयातील पदव्युत्तर पदवी, असा त्यांचा शैक्षणिक प्रवास आहे. अमेरिकेत ते ज्या काळात होते, तो व्हिएतनाम युद्धविरोधी आंदोलनाचा काळ होता आणि पटवर्धन त्या आंदोलनात उतरले होते. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातील निर्वासितांच्या मदतीसाठी विद्यार्थ्यांनी केलेल्या उपोषणाचे चित्रीकरण हा त्यांचा कॅमेऱ्याशी आलेला पहिला गंभीर संबंध म्हणता येईल.

भारतात परतल्यावर ते लगेच चित्रपटांकडे वळले नाहीत. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात किशोर भारती या ग्रामीण शिक्षण आणि विकासाच्या प्रकल्पात त्यांनी 1972 ते 1974 या काळात काम केले. क्षयाचे रुग्ण औषधोपचार मध्येच सोडून देत असत. रुग्णांनी तो पूर्ण करावा, यासाठी पटवर्धनांनी तेथे चित्रफितीसारखे एक साधन तयार केले होते. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. समोरच्या माणसाला काही पटवून द्यायचे आहे, त्याला वाचता येत नाही आणि हाती पैसे नाहीत, अशा गरजेतून त्यांनी हे माध्यम हाती धरले. कलेची हौस भागवण्याचा प्रश्न तेथे नव्हता.

पहिला माहितीपट कसा तयार झाला?

1974 मध्ये बिहारमध्ये जयप्रकाश नारायण यांच्या नेतृत्वाखाली भ्रष्टाचार आणि महागाईविरोधी आंदोलन पेटले, तेव्हा पटवर्धन तेथे गेले. 4 नोव्हेंबर 1974 रोजी पाटण्यात मोठा मोर्चा निघणार होता. पोलीस लाठीमार करणार, अशी सर्वांनाच धास्ती होती आणि जे होईल ते नोंदवून ठेवणारे कोणीतरी असावे, असा विचार होता. त्या दिवशी लाठीमार झाला. खुद्द जयप्रकाशांवरही लाठ्या पडल्या.

साधने पाहिली, तर आज हसू येईल. बराचसा भाग सुपर-8 या घरगुती वापराच्या, मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर चित्रित झाला. वाढदिवस आणि सहली टिपण्यासाठी बनवलेली ही बारीक फिल्म. मोठ्या पडद्यावर दाखवण्यासारखी तिची प्रत काढणे त्या काळी येथे सोपे नव्हते. मग मित्रांच्या मदतीने ती फिल्म प्रोजेक्टरवर लावून पडद्यावर पाडण्यात आली आणि पडद्यावरचे ते हलते चित्र 16 मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने पुन्हा चित्रित करण्यात आले. अशा दुहेरी चित्रीकरणात कडा विरतात आणि प्रकाश लुकलुकतो, तसे 'क्रांती की तरंगें' हा त्यांचा पहिला माहितीपट पाहताना जागोजागी जाणवते. आमच्या एका सदस्याने प्रत खराब आहे का, असे विचारले होते. प्रत चांगली होती. चित्रपटच तसा आहे. पुढे मॅकगिलमधील प्रबंधात पटवर्धनांनी याच चित्रपटाचा दाखला घेऊन भूमिगत आणि परागंदा अवस्थेतील गनिमी चित्रपटाचा अभ्यास मांडला. लॅटिन अमेरिकेतील 'अपूर्ण चित्रपटा'च्या विचाराशी त्यांचे नाते जुळले ते येथेच. हाताशी असेल त्या साधनाने काम करावे आणि चित्रपटाच्या अंगावर त्याच्या परिस्थितीचे वण दिसत असतील, तर दिसू द्यावेत, असा तो विचार.

आणीबाणीत त्या चित्रपटाचे काय झाले?

चित्रपट तयार झाला, त्याच सुमारास 25 जून 1975 रोजी आणीबाणी लागू झाली आणि ज्या आंदोलनावर तो होता, त्याचे नेते तुरुंगात गेले. चित्रपट लपूनछपून, विश्वासातल्या माणसांत दाखवला जात असे. पुढे पटवर्धन शिक्षणासाठी कॅनडाला गेले. चित्रपटाची प्रत तुकड्यांत कापून वेगवेगळ्या मार्गांनी देशाबाहेर पाठवण्यात आली आणि तेथे ते तुकडे पुन्हा जोडून आणीबाणीविरोधी सभांतून दाखवण्यात आले.

1977 मध्ये ते परतले. आणीबाणीविरोधी चित्रपट केलेला माणूस नव्या सत्ताधाऱ्यांचा लाडका होऊन बसला असता, तर त्यात नवल नव्हते. 1978 मध्ये त्यांनी 'जमीर के बंदी' केला, त्याचे म्हणणे मात्र असे होते, की राजकीय कैदी आणीबाणीच्या आधीही होते आणि ती उठल्यावरही आहेत.

कॅनडातील काळात त्यांनी चित्रपट केला का?

होय, जिम मन्रो यांच्यासह. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील शेतांवर राबणाऱ्या, बहुतांशी पंजाबी असलेल्या मजुरांनी आपली संघटना कशी उभी केली, यावरचा तो माहितीपट 1981 मध्ये पूर्ण झाला. परदेशी गेलेल्या भारतीयांच्या यशोगाथा आपण पुष्कळ ऐकतो. कीटकनाशक फवारलेल्या शेतात फळे तोडणाऱ्या म्हाताऱ्या बायका त्यांत सहसा नसतात.

'हमारा शहर' हा मुंबईवरचा चित्रपट एवढा का गाजला?

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पदपथांवरील आणि झोपडपट्ट्यांतील घरे पाडण्याची मोठी मोहीम सुरू झाली. त्याविरुद्धचा पदपथवासीयांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1985 च्या निकालात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. मात्र लोकांना पदपथ वापरत राहण्याचा हक्क दिला नाही. 'हमारा शहर' हा त्याच काळात, त्याच रस्त्यांवर उभा असलेला चित्रपट आहे. एकीकडे शहर स्वच्छ व्हावे म्हणून तळमळणारी सुखवस्तू मंडळी बोलतात आणि दुसरीकडे ज्यांनी त्या मंडळींच्या इमारती बांधल्या, त्यांची घरे पाडली जातात. संकलनाने या दोन जगांना एवढे जवळ आणून ठेवले आहे, की वेगळ्या निवेदनाची गरजच उरत नाही.

त्यातला एक प्रसंग आमच्या प्रेक्षकांना दर वेळी अस्वस्थ करतो. पाऊस पडून गेलेला आहे, घर पाडले गेले आहे आणि एक बाई कॅमेऱ्याकडे वळून दिग्दर्शकावरच संतापते. तुम्ही चित्रे काढून नेणार, त्यात आमचे काय भले होणार, अशा अर्थाचा तिचा सवाल आहे. कोणत्याही माहितीपटकाराला हा भाग संकलनाच्या मेजावर गुपचूप वगळता आला असता. पटवर्धनांनी तो ठेवला, आणि माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाची दिशा त्या बाईच्या प्रश्नाने ठरवली. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण 1986 मध्ये दक्षिण मुंबईतील संजय गांधी नगर ही वस्ती पाडली गेली, तेव्हा ते तेथील रहिवाशांबरोबर उपोषणाला बसले. अभिनेत्री शबाना आझमीही त्यात होत्या. त्या लढ्यातून विस्थापितांना गोरेगावला दिंडोशीत पर्यायी जागा मिळाली.

'राम के नाम' कशावर आहे?

1990 मध्ये रामजन्मभूमी-बाबरी मशीद वादाने देश ढवळून निघत असताना निघालेली रथयात्रा, 30 ऑक्टोबर 1990 रोजी अयोध्येत झालेला मशिदीवर चढाईचा प्रयत्न आणि त्या शहरातील सामान्य माणसांचे म्हणणे, असा त्याचा विषय आहे. तो पूर्ण झाला, तेव्हा मशीद उभी होती. 6 डिसेंबर 1992 नंतर तो पाहणाऱ्याला मात्र प्रत्येक दृश्याच्या पुढचे माहीत असते.

चित्रपटातील सर्वांत लक्षात राहणारी व्यक्ती म्हणजे न्यायालयाने नेमलेले तेथील पुजारी लालदास. ते शांतपणे, हातवारे न करता सांगतात, की हे सगळे राजकारण आणि पैशासाठी चालले आहे आणि अयोध्येत हिंदू-मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिले आहेत. नोव्हेंबर 1993 मध्ये त्यांची हत्या झाली. दुसरा प्रसंग कायद्याच्या विद्यार्थ्यांचा. राम नेमका याच जागी जन्मला, हे ते ठासून सांगतात. केव्हा जन्मला, असे कॅमेऱ्यामागून साध्या सुरात विचारल्यावर मात्र ते एकमेकांकडे पाहू लागतात. पटवर्धन वाद घालत नाहीत, आवाज चढवत नाहीत. प्रश्न विचारून थांबतात आणि कॅमेरा चालू ठेवतात.

मग तो एकांगी नाही का?

हा प्रश्न हमखास येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पटवर्धन तटस्थतेचा दावा करत नाहीत. त्यांची बाजू कोणती, हे पहिल्या पाच मिनिटांत कळते. विरोधी बाजूची माणसे त्यांच्या चित्रपटांत भरपूर बोलतात. पण त्यांच्या बोलण्यानंतर कोणते दृश्य जोडायचे, हे संकलक ठरवतो आणि संकलक पटवर्धन स्वतःच असतात. ज्यांना त्यांची भूमिका मान्य नाही, त्यांना यात कुचेष्टा दिसते. काही ठिकाणी, विशेषतः गर्दीतला एखादा गोंधळलेला चेहरा निवडताना, मलाही ती किंचित जाणवते. तरीही पडद्यावरचा मनुष्य जे बोलला, ते तो बोललाच आहे. निवेदकाच्या भारदस्त आवाजात आपले मत सत्य म्हणून खपवणाऱ्या माहितीपटापेक्षा मला हा प्रकार अधिक प्रामाणिक वाटतो.

ते कॅमेरा स्वतः चालवतात का? एवढ्या मोठ्या कामासाठी किती माणसे लागतात?

बहुतेक चित्रपटांत कॅमेरा आणि संकलन ही दोन्ही कामे त्यांची स्वतःची असतात. ध्वनिमुद्रणाला एखादी व्यक्ती असते. सीमंतिनी धुरू यांच्याबरोबर तर त्यांनी 1995 मध्ये नर्मदा खोऱ्यातील आंदोलनावरचा माहितीपट संयुक्तपणे दिग्दर्शित केला, ज्यात महाराष्ट्रातील मणिबेली या सर्वांत आधी पाण्याखाली जाणाऱ्या गावाचा लढा आहे. दोन-तीन माणसांचा चमू असला, की बोलणारा माणूस बिचकत नाही आणि पोलिसांच्या गर्दीतून निसटताही येते. फिल्म महाग होती, तोवर प्रत्येक मिनिट मोजून चित्रित करावे लागे. व्हिडिओ आल्यावर ते बंधन सुटले आणि चित्रपटांची लांबीही वाढली, हा योगायोग नसावा.

पैसे कोठून येतात?

आधीच्या चित्रपटांच्या प्रती विकून, विद्यापीठे, ग्रंथालये आणि परदेशी वाहिन्यांकडून मिळालेल्या मोबदल्यातून ते पुढचा चित्रपट करतात. प्रायोजक नाही, म्हणून घाई नाही आणि कोणाची कात्रीही नाही.

त्यांना पुन्हापुन्हा न्यायालयात का जावे लागले?

केबल येण्याआधी देशभर पोहोचणारा पडदा एकच होता, दूरदर्शनचा. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले माहितीपट तेथे दाखवले जावेत, अशी अपेक्षा असे. पटवर्धनांचे चित्रपट पुरस्कार मिळवत आणि दूरदर्शन ते नाकारत असे. 'राम के नाम'ला सर्वांनी पाहण्यायोग्य असे 'यू' प्रमाणपत्र होते, उत्कृष्ट शोधपर चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार होता. तरीही तो प्रक्षेपित व्हायला न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्यांचा युक्तिवाद साधा होता: अभिव्यक्तिस्वातंत्र्यात प्रेक्षकाचा माहिती मिळण्याचा हक्कही येतो आणि लोकांच्या पैशांवर चालणाऱ्या माध्यमाने मनमानीने एखादी कलाकृती अडवू नये.

यातला सर्वांत लांबलेला लढा 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध' या 1995 मधील चित्रपटाचा. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात देवराला येथील रूप कंवर सती प्रकरण आणि मुंबईतील दंगली. दुसऱ्यात पौरुषाच्या कल्पना आणि हिंसा यांचा संबंध, ज्यात रस्त्याच्या कडेला ताकदीची औषधे विकणारा फेरीवालाही आहे. पहिल्या भागाला 'यू' आणि दुसऱ्याला फक्त प्रौढांसाठीचे 'ए' प्रमाणपत्र होते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरदर्शनला तो आठ आठवड्यांत दाखवण्याचा आदेश दिला. चित्रपट तयार झाल्यापासून अकरा वर्षे! या निकालाचा दाखला आता कायद्याच्या वर्गात दिला जातो. चित्रपट करायला लागला त्याहून अधिक काळ तो दाखवण्याच्या लढ्यात गेला, असे हे गणित आहे. आणि पटवर्धन त्या काळाला वाया गेलेला मानत नाहीत, हे त्यांचे वेगळेपण.

सेन्सॉर बोर्डाने 21 ठिकाणी कात्री सुचवली होती, ते प्रकरण कोणते?

ते 'जंग और अमन'चे. मे 1998 मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या, पाकिस्ताननेही त्याच महिन्यात चाचण्या केल्या आणि दोन्हीकडे मिठाई वाटली गेली. पटवर्धनांनी भारत, पाकिस्तान, जपान आणि अमेरिका येथे चित्रीकरण करून 2002 मध्ये हा सुमारे तीन तासांचा चित्रपट पूर्ण केला. सुरुवात गांधीहत्येपासून आहे. पुढे झारखंडमधील जादूगोड्याच्या युरेनियम खाणींच्या परिसरातील आजारी माणसे आहेत आणि हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेली वृद्ध माणसेही. प्रमाणन मंडळाने 21 कपाती मागितल्या, ज्यांत राजकीय नेत्यांची सार्वजनिक भाषणेही होती. पटवर्धनांनी एकही मान्य केली नाही आणि 2003 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चित्रपट विनाकपात दाखवण्याचा मार्ग मोकळा केला. पुढच्याच वर्षी मुंबई आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात भारतीय चित्रपटांवर प्रमाणपत्राची अट घालण्यावरून वाद झाला, तेव्हा माहितीपटकारांनी रवींद्र नाट्य मंदिराच्या जवळच, भूपेश गुप्ता भवनात, 'विकल्प' हा समांतर महोत्सव भरवला. त्यातही पटवर्धन होते.

आक्षेप केवळ सरकारी नसतात. 2002 मध्ये न्यू यॉर्कमधील एका प्रसिद्ध संग्रहालयाने धमक्यांनंतर त्यांच्या चित्रपटांचे प्रदर्शन आयत्या वेळी तेथून हलवले होते. आमचा अनुभव त्यामानाने किरकोळ. एका महाविद्यालयाने सभागृह दिले, पत्रिका वाटून झाल्या आणि आदल्या संध्याकाळी "पंखे दुरुस्तीला काढले आहेत" असा निरोप आला. चित्रपट आम्ही एका सदस्याच्या गच्चीवर, चादर बांधून दाखवला.

'जय भीम कॉम्रेड'ला चौदा वर्षे का लागली?

11 जुलै 1997 रोजी पहाटे घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांनी केलेल्या गोळीबारात दहा जण मरण पावले. त्यानंतर काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. घोगरे यांनी 'हमारा शहर'मध्ये गायले होते. आयुष्यभर डाव्या कलापथकात लाल झेंड्याखाली गाणाऱ्या या दलित शाहिराने अखेरच्या क्षणी डोक्याला निळी पट्टी बांधली होती. ती पट्टी का, हा प्रश्न घेऊन पटवर्धन कामाला लागले. चित्रपटाच्या नावातले दोन शब्द त्या प्रश्नातूनच आलेले आहेत.

चित्रपट 2011 मध्ये पूर्ण झाला. मधल्या काळात खटला चालला. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला 2009 मध्ये जन्मठेप झाली आणि त्याला जामीनही मिळाला. गॅसचा टँकर पेटवला जाण्याची भीती होती म्हणून गोळ्या झाडल्या, या पोलिसांच्या म्हणण्याची चित्रपट तपासणी करतो. टँकर कोठे उभा होता आणि माणसे कोठे पडली, हे तो त्या वेळच्या दृश्यफितींतून ताडून दाखवतो. पण पंचनाम्यापेक्षाही मोठा भाग गाण्यांचा आहे. चैत्यभूमीवरची गर्दी, वस्तीतले जलसे, शाहीर संभाजी भगत यांचा खडा आवाज आणि शेवटाकडे पुण्याच्या कबीर कला मंचाची तरुण मुले. मराठी प्रेक्षकाला हा चित्रपट उपशीर्षकांशिवाय पाहता येतो, हे आपले भाग्य आहे. भगतांबरोबर पटवर्धनांनी आधीही काम केले होते. कवी दया पवार यांच्या सहभागाने रामायणाकडे दलितांच्या नजरेने पाहणारी एक छोटी गाण्याची चित्रफीत त्यांनी 1996 मध्ये केली होती.

चित्रपट वस्त्यांतून, उघड्यावर पडदे लावून दाखवला गेला. त्याच सुमारास कबीर कला मंचाच्या कलावंतांवर नक्षलवादाशी संबंध असल्याचे आरोप ठेवले गेले आणि शीतल साठे, सचिन माळी हे भूमिगत झाले. पटवर्धनांनी इतरांसह त्यांच्या बचावासाठी समिती स्थापन केली. 2 एप्रिल 2013 रोजी साठे आणि माळी विधान भवनाबाहेर स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले.

त्यांनी राष्ट्रीय पुरस्कार परत केला, हे खरे का?

खरे आहे. ऑक्टोबर 2015 मध्ये पुण्याच्या चित्रपट संस्थेतील विद्यार्थ्यांच्या संपाला पाठिंबा म्हणून आणि विचारवंतांच्या हत्यांच्या निषेधार्थ काही चित्रपटकारांनी राष्ट्रीय पुरस्कार परत केले, त्यांत ते होते.

'विवेक' पाहायचा आहे. तो चित्रपटगृहात का लागला नाही?

चार तासांचा माहितीपट चित्रपटगृहे तशीही लावत नाहीत. 2018 चा हा चित्रपट आठ प्रकरणांत विभागलेला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात झालेली हत्या आणि फेब्रुवारी 2015 मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर झालेला जीवघेणा हल्ला येथून तो सुरू होतो आणि रोहित वेमुलाची आत्महत्या, दादरीतील जमावहत्या, उना येथे दलितांना झालेली मारहाण अशा घटनांपर्यंत जातो. ॲमस्टरडॅमच्या प्रतिष्ठेच्या माहितीपट महोत्सवात त्याला पूर्ण लांबीच्या उत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार मिळाला. 2019 मध्ये केरळच्या महोत्सवात तो दाखवण्यासाठी लागणारी प्रमाणपत्रातून सूट केंद्र सरकारने दिली नाही, तेव्हा केरळ उच्च न्यायालयाच्या परवानगीने तो दाखवला गेला. मला विचाराल, तर तो त्यांचा सर्वांत विस्कळीत चित्रपट आहे. दाभोलकर आणि पानसरे यांच्यावरचे भाग इतके जिवंत आहेत, की पुढच्या भागांत घटनांची संख्या वाढली तरी पकड ढिली झाल्यासारखी वाटते.

अलीकडचा चित्रपट घरगुती आहे म्हणतात, तो कोणता?

'वसुधैव कुटुंबकम्', 2023. आईवडील थकत चालले, तेव्हा पटवर्धनांनी घरात सहज म्हणून त्यांचे चित्रीकरण सुरू केले होते. ते चित्रपटासाठी नव्हते. दोघांच्या निधनानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांनी त्या फिती उघडल्या. चाकावरच्या मातीबद्दल बोलणारी आई, स्वतःच्याच म्हातारपणाची थट्टा करणारे वडील, अच्युत आणि रावसाहेब यांच्या आठवणी, आईचे सुटलेले सिंध. ज्या माणसाने आयुष्यभर मोर्चे टिपले, त्याचा कॅमेरा येथे जेवणाच्या टेबलापाशी थांबलेला आहे. आणि तरी स्वातंत्र्यलढ्यात हिंदू-मुसलमान एकत्र कसे होते, हा त्याचा जुना विषय चहा पिता पिता येतोच. कॅमेऱ्यामागून येणारा तोच साधा प्रश्नार्थक आवाज येथे "आई" अशी हाक मारतो, तेव्हा त्यांचे आधीचे चित्रपट पाहिलेल्या प्रेक्षकाला ओळखीच्या माणसाच्या घरात पहिल्यांदाच पाऊल टाकल्यासारखे वाटते.

सुरुवात कोणत्या चित्रपटापासून करावी आणि ते कोठे पाहता येतील?

त्यांचे बरेच चित्रपट यूट्यूबवर आहेत. एकट्याने पाहणार असाल, तर 'हमारा शहर'पासून सुरुवात करा. वेळ अगदीच कमी असेल, तर बंद पडलेली गिरणी कामगारांनी स्वतः पुन्हा चालू केल्याची गोष्ट सांगणारा 1996 मधील बावीस मिनिटांचा छोटा माहितीपट शोधा. गटाने पाहणार असाल, तर 'जय भीम कॉम्रेड' लावा. मध्यंतर ठेवा, ध्वनिक्षेपक चांगला मागवा, कारण अर्धा चित्रपट गाण्यांत आहे, आणि सभागृह चित्रपटाच्या लांबीपेक्षा किमान दीड तास जास्त घ्या. आमच्याकडे पहिल्या वेळी ते केले नव्हते. रखवालदार किल्ल्या वाजवत दारात उभा राहिला आणि चर्चा रस्त्यावर, दिव्याच्या खांबाखाली, रात्री बारापर्यंत चालली.